दोन मजली पंखांचे विमान

आम्ही कोराडीला एक जुना खोका उघडला. आत प्लास्टिकचे सुटे भाग होते. ते जोडून लहानसे लढाऊ विमान करायचे. नाव ‘सॉपविथ कॅमल’. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, आपले हरदितसिंग मलिक खरे कॅमल उडवीत.

बघा, याला वर-खाली दोन पंख. खरे विमान लाकडाचे नि कापडाचे. मधले खांब आणि ताणलेल्या तारा पंखांना बळकटी देत.

आम्ही घाई केली. खांबांचा गोंद ओला असतानाच वरचा पंख ठेवला. तो कलला! मग कागदावरचे आकडे नीट वाचले. क्रमाने भाग लावले. या गोंदाने प्लास्टिक विरघळते, म्हणून तो थेंबभरच लावला. खांब रात्रभर वाळू दिले. सकाळी पंख सरळ बसला.

आधी वाचावे, मग जोडावे.