व्हिमचा कर्ता : ब्राम मोलेनार

संगणकाची आज्ञावली लिहिण्यासाठी व तीत फेरफार करण्यासाठी जे साधन वापरतात, त्यास संपादक म्हणतात. ‘व्हिम’ हा असाच एक संपादक. तो उघडला की रिकाम्या पडद्याच्या मध्यभागी काही ओळी उमटतात. त्यांत साधनाचे नाव असते, कर्त्याचे नाव असते आणि युगांडातील गरीब मुलांना मदत करण्याचे आवाहन असते. संगणकाच्या पडद्यावर युगांडा कोठून आला, असे पाहणाऱ्यास वाटणे स्वाभाविक आहे.

ब्राम मोलेनार यांचा जन्म १९६१ साली नेदरलँड्समध्ये झाला. डेल्फ्ट येथील तंत्रविद्यापीठात त्यांनी विद्युत अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. बिल जॉय यांनी १९७६ साली तयार केलेला ‘व्हीआय’ हा संपादक त्यांच्या सवयीचा होता. परंतु त्यांच्या ‘अमिगा’ संगणकासाठी तो मिळत नव्हता. तेव्हा व्हीआयच्या धर्तीवर दुसऱ्या कोणी लिहिलेली, मूळ संकेतासह सर्वांना खुली असलेली ‘स्टीव्ही’ ही आज्ञावली त्यांनी घेतली आणि १९८८ पासून तीत सुधारणा सुरू केल्या. १९९१ साली व्हिम प्रथम प्रसिद्ध झाला, तो फ्लॉपी तबकडीवरून. जे इतरांकडून खुले मिळाले, ते त्यांनी पुढे खुलेच ठेवले.

१९९४ साली मोलेनार युगांडाच्या दक्षिणेकडील किबाले या गावी गेले. तेथील बालकेंद्रात त्यांनी वर्षभर पाणीपुरवठा व स्वच्छता अभियंता म्हणून स्वयंसेवा केली. एड्समुळे त्या परिसरातील असंख्य मुलांचे आईवडील दगावले होते. शेती होती, पोटापुरते अन्नही होते. पण मुलांच्या शाळेचा व औषधपाण्याचा खर्च करणारे कोणी उरले नव्हते. मायदेशी परतल्यावर त्यांनी या केंद्रासाठी ‘आयसीसीएफ हॉलंड’ ही निधी-संस्था उभी केली आणि पुढेही ते अनेकदा किबालेस जाऊन काम पाहून आले.

व्हिमचा परवाना याच अनुभवातून घडला. कोणीही व्हिम वापरावा, त्याची प्रत काढावी, त्यात बदल करावा, मूल्य नाही. आवडल्यास किबालेच्या मुलांसाठी काही द्यावे, एवढीच विनंती. देवळातील दानपेटीपुढून जाणाऱ्यास कोणी अडवीत नाही, तसेच हे. व्यवहारी माणसास ही व्यवस्था भोळेपणाची वाटेल. पण जगभरच्या अनोळखी वापरकर्त्यांनी पाठविलेल्या पैशांतून किबालेतील मुलांचे शिक्षण झाले. मोलेनार २००६ साली गूगलमध्ये नोकरीस लागले. त्यानंतर व्हिमच्या विकासासाठी येणाऱ्या देणग्याही त्यांनी याच कामाकडे वळविल्या.

इतरांनी पाठविलेल्या दुरुस्त्या स्वतः तपासूनच ते स्वीकारीत. त्यामुळे व्हिमला एकजिनसीपणा आला, तसा संथपणाही आला. हा वेग न मानवलेल्या काहींनी २०१४ साली याच संकेतातून ‘निओव्हिम’ ही वेगळी शाखा काढली. परवान्याने ती मुभा दिलेलीच होती.

३ ऑगस्ट २०२३ रोजी, वयाच्या ६२व्या वर्षी मोलेनार यांचे निधन झाले. सहकाऱ्यांनी काम थांबू दिले नाही. जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी व्हिमची ९.१ ही आवृत्ती प्रसिद्ध केली आणि ती मोलेनार यांच्या स्मृतीस अर्पण केली.