कुरळे केस आणि घरातील पाणी

बेंगळूरूच्या राजाजीनगर भागातील अनेक घरांत दोन प्रकारचे पाणी वापरले जाते. एक कावेरीचे. सुमारे शंभर किलोमीटर अंतरावरून आणि जवळजवळ पाचशे मीटर उंची चढवून ते या शहरात आणले जाते. १९७४ साली या योजनेचा पहिला टप्पा सुरू झाला. दुसरे अंगणातील विंधनविहिरीचे, किंवा तीही आटली तर टँकरने विकत घेतलेले. २०२४ च्या उन्हाळ्यात बेंगळूरूत पाण्याची जी टंचाई झाली, तीत कित्येक कुटुंबांना आंघोळीसाठी या दुसऱ्या पाण्यावरच विसंबावे लागले. त्याच सुमारास राजाजीनगरात राहणाऱ्या माझ्या भाचीने आपले कुरळे केस कायमचे सरळ करून घेण्याचे ठरविले. दोन महिन्यांत केस काथ्यासारखे झाले होते आणि फणीत तुटून येत होते. तिने तीन वेळा शांपू बदलला होता, दोन महागडी क्रीमे आणली होती. पाणी बदलले आहे, हे मात्र तिच्या ध्यानात आले नव्हते.

कुरळ्या केसांसाठी कोणते द्रव्य वापरावे, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा दुकानाच्या फळीपासून सुरू होतो. वस्तुतः तो नळापासून सुरू झाला पाहिजे. असे का, हे समजण्यासाठी प्रथम केसाची घडण थोडक्यात पाहू.

केस हा केराटिन नावाच्या प्रथिनाचा तंतू आहे. त्याच्यावर माशाच्या खवल्यांप्रमाणे एकावर एक बसलेल्या पातळ पापुद्र्यांचे आवरण असते. सरळ केस त्वचेतील सरळ नळीतून वर येतो. कुरळ्या केसाचे मूळच वाकलेले असते आणि त्याचा छेद वर्तुळाकार नसून चपटा, लंबगोल असतो. यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. टाळूवर स्रवणारे तेल सरळ केसावरून सहज खाली उतरते. कुरळ्या केसाच्या वळणांवरून ते तितक्या सुलभतेने उतरत नाही. त्यामुळे मुळाशी तेलकट आणि टोकाशी कोरडा, अशी त्याची स्थिती असते. शिवाय प्रत्येक वळण ही त्या तंतूची दुबळी जागा असते. ओढ बसली की तो तेथे तुटतो. हे वैगुण्य मात्र नव्हे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उष्णता मोजणाऱ्या पुतळ्याच्या डोक्यावर निरनिराळ्या प्रकारच्या केसांचे टोप चढवून वर कृत्रिम ऊन पाडण्यात आले. घट्ट कुरळ्या केसांखाली डोक्याला उन्हाची झळ सर्वांत कमी लागते, असे तीत आढळून आले. ‘केस विंचरले नाहीत का?’ असे शाळेत ज्यांना रोज ऐकावे लागले, त्यांना हे वाचून थोडे समाधान वाटावे.

केसाचा आकार दोन प्रकारच्या बंधांनी टिकतो. गंधकाचे बंध बळकट असतात. ते तीव्र रसायनांनीच तुटतात. हायड्रोजनचे बंध अगदी नाजूक असतात. पाणी लागताच ते सुटतात आणि केस वाळू लागला की पुन्हा जुळतात. १९३० नंतरच्या दशकात इंग्लंडमधील लीड्स येथे विल्यम ॲस्टबरी यांनी क्षकिरणांच्या साहाय्याने लोकरीच्या तंतूचा अभ्यास केला. ओला तंतू ताणला म्हणजे त्याची आतील रचनाच बदलते, हे त्यांनी दाखवून दिले. आपल्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच, की ओला केस लवचीक पण दुर्बल असतो आणि तो ज्या स्थितीत वाळतो ती स्थिती पुढील धुण्यापर्यंत धरून ठेवतो. म्हणून कुरळ्या केसांची रचना करावयाची ती ते ओले असताना. वाळल्यानंतर फणी घालणे म्हणजे जुळलेली वळणे विसकटणे होय.

आता पाण्याकडे वळू. मराठी पाठ्यपुस्तकांनी पाण्याला दोन सुरेख विशेषणे दिली आहेत: सुफेन आणि दुष्फेन. ज्यात फेस चांगला होतो ते सुफेन, ज्यात होत नाही ते दुष्फेन. बोलभाषेत आपण दुष्फेन पाण्याला ‘जड पाणी’ म्हणतो. हा जडपणा मुख्यतः कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्या क्षारांमुळे येतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात त्याचे प्रमाण दर लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरे पाणी उपलब्धच नसेल तर ६०० पर्यंत चालते. नदीचे पाणी सामान्यतः सौम्य असते. खडकातून झिरपलेल्या खोल विंधनविहिरीच्या पाण्याबद्दल तसे सांगता येत नाही.

राजाजीनगरच्या रहिवाशांना साबणाचे महत्त्व सांगण्याची आवश्यकता नाही. म्हैसूर संस्थानाचा १९१६ साली स्थापन झालेला साबण कारखाना १९५७ पासून त्यांच्या शेजारी उभा आहे. मेट्रोच्या स्थानकालाही त्याचेच नाव आहे. चंदनाचा तो साबण अंगाला लावण्यासाठी आहे. अनेक घरांत मात्र कोणताही अंगाचा साबण डोक्यालाही लावण्याची जुनी सवय आहे, आणि घोटाळा तेथे होतो. साबण दुष्फेन पाण्यातील कॅल्शियमशी संयोग पावतो व न विरघळणारी चिकट साय तयार होते. बादलीच्या कडेला जमणारा राखी थर तो हाच. सरळ केसावरून तो बराचसा घसरून जातो, कुरळ्या केसांच्या वळणांत अडकून बसतो. त्यात साबण अल्कधर्मी असल्यामुळे केसांचे खवले उघडे पडतात व एकमेकांत गुंततात. शांपूतील कृत्रिम द्रव्यांची अशी साय होत नाही, हे खरे. परंतु पाण्यातील कॅल्शियम केसाला चिकटावयाचे थांबत नाही. रंगविलेल्या किंवा झिजलेल्या केसांवर ते अधिकच बसते.

आपल्या घरचे पाणी कसे आहे हे पाहण्यास प्रयोगशाळा लागत नाही. दोन सारख्या पारदर्शक बाटल्या घ्याव्यात. एकीत नळाचे, दुसरीत पावसाचे किंवा पिण्यासाठी शुद्ध केलेल्या यंत्राचे पाणी अर्ध्यापर्यंत भरावे. दोन्हींत साबणाचा सारखाच, नखाएवढा कीस टाकून जोराने हलवावे. पहिल्या बाटलीत फेस बसून गढूळ पाणी व वर तरंगणारी साय दिसली, तर शांपू बदलण्यापूर्वी शेवटचे पाणी बदलावे. सर्व स्नान शुद्ध पाण्याने करणे कोणास परवडणार? अखेरचे दोन तांबे तेवढे सुफेन पाण्याचे असले तरी पुष्कळ फरक पडतो. पाणी उकळून काही प्रकारचा जडपणा जातो, सर्व नव्हे. बेंगळूरूत २००९ पासून ठरावीक आकाराच्या घरांना पावसाचे पाणी साठविणे बंधनकारक आहे. हे पाणी सुफेन असते. पहिल्या सरींचे, गच्चीवरील धूळ घेऊन येणारे पाणी सोडून दिले आणि बाकीचे गाळून घेतले, तर केसांसाठी त्याहून सोयीचे पाणी शहरात मिळणे कठीण. तेही नसेल तर लिटरभर पाण्यात चहाचा एक चमचा लिंबाचा रस गाळून घालावा व त्याने केस खळाळून घ्यावेत. आंबटपणामुळे खवले मिटतात व क्षारांचा थोडा भाग सुटून येतो. टाळूवर जखम असल्यास हे करू नये. रसाचे प्रमाणही वाढवू नये.

शिकेकाई आणि रिठा यांचा विचार येथेच करावयास हवा. दोन्हींत सॅपोनिन नावाची फेस देणारी द्रव्ये असतात. त्यांचे पाणी साबणासारखे अल्कधर्मी नसून किंचित आम्ल असते आणि जड पाण्यात त्याची तशी साय धरत नाही. आपल्या आज्यांना यातील रसायन ठाऊक नव्हते, पण विहिरीच्या पाण्याशी त्यांची गाठ रोजची होती. राजाजीनगरात ‘ग्रंदिगे अंगडी’ म्हणतात त्या काष्ठौषधींच्या दुकानांत सीगेकायी व अंटुवाळ या नावांनी ती आजही मिळतात. मात्र कुरळ्या केसांना शिकेकाईची पूड थेट चोळू नये. तिचे कण वळणांत रुततात आणि ते काढताना केस तुटतात. शेंगा रात्रभर भिजवून, उकळून, दुहेरी फडक्यातून गाळलेले पाणीच वापरावे. रिठा डोळ्यांना अतिशय झोंबतो. लहान मुलांसाठी तो टाळलेलाच बरा. शिवाय ही द्रव्ये केस कोरडे करतात. पारंपरिक न्हाणे तेलाशिवाय होत नसे, त्याचे कारण हेच असावे.

तेलाच्या बाबतीत एक अभ्यास मुद्दाम सांगण्याजोगा आहे. आरती रेले व आर. बी. मोहिले यांनी खनिज तेल, सूर्यफुलाचे तेल व खोबरेल यांची तुलना करून २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. धुण्यापूर्वी किंवा नंतर लावल्यास केसांतील प्रथिनांची झीज फक्त खोबरेलामुळे लक्षणीय प्रमाणात कमी होते, असे त्यांना आढळले. खोबरेलातील लॉरिक आम्लाचे रेणू लहान व सरळ असल्याने ते केसाच्या आत शिरतात. तेव्हा धुण्यापूर्वी तासभर खोबरेल लावणे यात जुनाटपणा काही नाही. धुतल्यानंतर मात्र ते अगदी बोटाच्या टोकाएवढे, तेही केसांच्या टोकांनाच लावावे.

बाजारातील शांपू व कंडिशनर निवडताना वेष्टनावरील चित्र न पाहता मागील यादी वाचावी. ही यादी साधारणपणे प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने असते. पहिली पाचसहा नावे महत्त्वाची, शेवटी आलेले बदाम आणि मध हे बहुधा शोभेचे धनी. कंडिशनरमधील मुख्य द्रव्यांचे रेणू धनभारित असतात. झिजलेल्या केसावर ऋणभार अधिक असल्याने ते नेमके तेथेच चिकटतात. ‘अल्कोहोल’ शब्द पाहून घाबरू नये. सीटिल किंवा सीटीअरिल अल्कोहोल ही मेणासारखी मऊ द्रव्ये आहेत. केस शुष्क करते ते उडून जाणारे अल्कोहोल निराळे. जड पाण्याच्या घरात ईडीटीए किंवा सायट्रिक आम्ल यादीत असलेला शांपू महिन्यातून एकदोनदा वापरावा. ती द्रव्ये क्षारांना धरून ठेवतात. सिलिकोनविषयी अलीकडे फार भीती घातली जाते. तो विषारी पदार्थ नव्हे. त्याचा थर सौम्य द्रव्यांनी निघत नाही व साचत जातो, एवढीच अडचण आहे. अधूनमधून नीट शांपू करणाराला ती जाणवत नाही.

महागड्या जेलऐवजी घरी करता येण्याजोगी उत्तम वस्तू म्हणजे जवसाचा बुळबुळीत काढा. विदर्भातील वाचकांना जवस चटणीसाठी परिचित आहे. कर्नाटकात त्यालाच अगसे म्हणतात. पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात मंद आचेवर ढवळत उकळावे. आठदहा मिनिटांत पाणी अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखे तार धरू लागते. त्याच क्षणी उतरवून गरम असतानाच पातळ फडक्यातून गाळावे. निवल्यावर गाळू गेल्यास ते फडक्यातून उतरत नाही, आणि स्वयंपाकघरात रागावण्याचा प्रसंग येतो. शीतकपाटात हे आठवडाभर टिकते, वास बदलला की टाकून द्यावे. कोणतेही नवे द्रव्य आदल्या दिवशी कोपराच्या आतील बाजूस लावून पाहावे.

आता कृती. शांपू टाळूपुरता ठेवावा. वाहून जाणारा फेस लांबीला पुरेसा होतो. कंडिशनर लांबीवर लावून, केस ओले व निसरडे असतानाच रुंद दातांच्या फणीने गुंता काढावा, टोकांपासून आरंभ करून वर. केसांत पाणी भरपूर असतानाच जवसाचा काढा दोन्ही तळव्यांनी वरून खाली लावावा. मग मान तिरकी करून केसांची टोके ओंजळीत घ्यावीत व मूठ मिटून मुळाकडे दाबावीत. चोळू नये. जाड, गाठीदार टॉवेलाने खवले ओढले जातात. आपला जुना सुती पंचा याहून कितीतरी चांगला, आणि तो घरोघरी असतो. पंच्याने टिपून झाल्यावर केसांना हात लावू नये. वाळताना वर एक कडक पापुद्रा येतो. अनेक जणी येथेच निराश होऊन केस पुन्हा धुतात. पूर्ण वाळल्यावर केस मुठीत हलकेच कुस्करले की पापुद्रा मोडतो आणि वळणे मऊ होऊन मोकळी होतात. रात्री केस डोक्याच्या माथ्यावर सैल बांधावेत, उशीवर जुन्या रेशमी लुगड्याचा तुकडा घालावा.

हवामानाप्रमाणे यात फेरफार करावा लागतो. ग्लिसरीन असलेली द्रव्ये हवेतील ओलावा ओढतात. पावसाळ्यात, मुंबईत तर विशेषच, त्यामुळे केस फुगतात. बेंगळूरूच्या फेब्रुवारी-मार्चमधील कोरड्या हवेत त्यांचा उपयोग थोडा, तेव्हा कंडिशनर वाढवावा आणि ती बाजूला ठेवावीत.

कायमचे सरळीकरण हा निराळा विषय आहे. त्यात गंधकाचे बंध तोडून नव्या जागी जुळविले जातात. महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढणारा नवा केस मात्र कुरळाच येतो, म्हणून ते पुनःपुन्हा करावे लागते. ‘केराटिन’ या नावाने होणाऱ्या काही प्रक्रियांत तापविल्यावर फॉर्माल्डिहाइड वायू सुटतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली त्याची गणना मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या द्रव्यांत केली आहे. ग्लायॉक्सिलिक आम्ल वापरलेल्या प्रक्रियेनंतर मूत्रपिंडास इजा झाल्याच्या घटनाही वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्या आहेत. ज्यांना हे करून घ्यावयाचे आहे त्यांनी द्रव्याचे नाव लेखी मागून घ्यावे, व ते मिळत नसेल तर खुर्चीवरून उठावे.

भाचीला मी हे सर्व सांगितले नाही. दोन बाटल्या मात्र तिच्यासमोर हलविल्या. तिने टँकरच्या पाण्याची बाटली बराच वेळ उजेडात धरली आणि विचारले, “मावशी, हे रोज माझ्या डोक्यावर बसतंय?” ठरलेली वेळ तिने दोन महिने पुढे ढकलली. जूनमध्ये पाऊस आला. गच्चीच्या पन्हळीखाली एक पिंप ठेवले आहे, आणि ते केसांसाठीच आहे अशी चिठ्ठी तिने त्यावर कन्नडमध्ये व मराठीत चिकटविली आहे, कारण तिचा भाऊ त्याच पाण्याने स्कूटर धूत असे.