वाकिता : किंमत नसलेला जीव

कॅलिफोर्नियाच्या आखाताचे उत्तरेकडील टोक भिंतीवरच्या नकाशात मी बोटाने झाकून पाहिले. सहज झाकले गेले. मेक्सिकोतील एवढ्याच पाण्यात वाकिता राहते. देवमाशांच्या गणातील हा सर्वांत लहान प्राणी, लांबी जेमतेम दीड मीटर, डोळे काजळ घातल्यासारखे. स्पॅनिशमध्ये नावाचा अर्थ ‘लहानशी गाय’.

चोरटा व्यापार म्हटले की मला हस्तिदंत आठवे : ज्याला मोल, त्याची शिकार. वाकिता मात्र कोणीच विकत घेत नाही. तस्करांना हवा असतो तोतोआबा, आपल्या घोळीच्या कुळातला मोठा मासा. त्याच्या पोटातील हवेची पिशवी वाळवून चीनमध्ये भारी दराने विकतात. मेक्सिकोने १९७५ साली ही मासेमारी बंद केली. पण साध्या मासळीच्या फेरीत एवढा पैसा कुठला? म्हणून जाळी चोरून पडत राहिली. दोघांचा आकार जवळपास सारखा, त्यामुळे पाण्यात भिंतीसारख्या उभ्या जाळ्यात वाकिताही अडकते. श्वासासाठी तिला वर यावेच लागते. ते जमत नाही आणि ती बुडून मरते.

१९९७ मध्ये त्या सुमारे ५६७ होत्या. २०२४ च्या पाहणीत ६ ते ८ दिसल्या. २०१७ साली उरलेल्या पकडून जपण्याचा प्रयत्न झाला, पण पकडलेली मादी काही तासांतच दगावली व तो बेत सोडावा लागला. २०२२ साली नौदलाने तळाशी आकडे लावलेले काँक्रीटचे ठोकळे सोडले. त्यांत जाळी गुंतून बसते. ठोकळ्यांच्या पट्ट्यात जाळी पुष्कळ कमी झाली. वाकिताला मात्र त्या पट्ट्याची सीमा ठाऊक नाही.