सुट्टीत पाचवी उरकू नका

जूनमध्ये पाचवीच्या वर्गावर गेलं की पहिल्या आठवड्यातच एक वाक्य हमखास ऐकू येतं, "बाई, हे झालंय आमचं." कुठं झालं? तर सुट्टीतल्या बॅचमध्ये. या वाक्याची मला आता धास्तीच वाटते. ज्याला येत नाही त्याला शिकवता येतं. ज्याचं 'झालंय' तो फळ्याकडं बघतच नाही.

या बॅचना ऊत आलाय त्याला कारणही आहे. 2023-24 पासून राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा सुरू झाली. नापास झालं तर पुनर्परीक्षा, तीतही नापास झालं तर मूल त्याच वर्गात. चौथीतून पाचवीत जाणाऱ्या मुलाच्या आईवडिलांच्या पोटात गोळा येणारच, आणि क्लासवाल्यांनी तो बरोबर हेरला. आमची परीक्षा संपायच्या आत शाळेच्या फाटकाबाहेर कागद वाटले जातात : मे महिन्यात पाचवीचा अर्धा अभ्यासक्रम पूर्ण!

अशाच एका बॅचमधून आलेला एक मुलगा माझ्या वर्गात होता. चुणचुणीत, हात कायम वर. वहीत पाचवीची पानंच्या पानं सोडवलेली, प्रत्येक गणितावर लाल शाईची बरोबरची खूण. मी फळ्यावर 824 भागिले 8 दिलं. त्यानं धडाधड मांडणी केली. आठ एके आठ, दोनला भाग जात नाही, चार खाली घेतला, आठ त्रिक चोवीस. उत्तर 13.

"824 रुपये आठ जणांत वाटले, तर प्रत्येकाला तेराच रुपये मिळतील का रे?"

"हो बाई."

"मग बाकीचे कुठं गेले?"

तो नुसताच बघत राहिला. रीत तोंडपाठ होती. पण शतक, दशक, एकक हे प्रकरण आधीच्या इयत्तांतच कच्चं राहिलेलं, आणि महिन्याभरात अर्धी पाचवी उरकणाऱ्या बॅचमध्ये ते तपासायला फुरसत कुणाला होती?

त्याच्या आईला म्हटलं, घरात 'व्यापार'च्या खेळातल्या नोटा असतील तर काढा, नाहीतर कागदाच्या करा. शंभराच्या आठ, दहाच्या दोन आणि एकेक रुपयाची चार नाणी. आठ वाट्या मांडा. शंभराची एकेक नोट प्रत्येक वाटीत जाते. दहाच्या दोनच आहेत, त्या आठ वाट्यांना पुरत नाहीत, म्हणून दशकाच्या घरात शून्य. मग त्या मोडायच्या. वीस सुटे आणि आधीचे चार मिळून चोवीस, प्रत्येक वाटीत तीन. वाटी उचलून त्यालाच मोजायला लावा. एकशे तीन! ते मधलं शून्य त्यानं पुन्हा कधी गाळलं नाही.

म्हणून पालकांना माझं सांगणं एकच : सुट्टीत मागची इयत्ता पक्की करा, पुढची शाळेवर सोडा. पुढचं पुस्तक आधीच आणण्यात आणखीही एक धोका आहे. 2025-26 मध्ये पहिलीचं पुस्तक बदललं आणि हा बदल टप्प्याटप्प्यानं वरच्या इयत्तांत येतो आहे. कुणाची जुनी पुस्तकं किंवा बॅचच्या झेरॉक्स नोट्स घेऊन मूल पाठ करत बसेल आणि शाळेत हाती भलतंच पुस्तक पडेल. मागच्या इयत्तेचं पुस्तक मात्र घरात असतंच. नसेल तर ई-बालभारतीवर फुकट मिळतं.

पक्कं आहे की नाही हे बघायला परीक्षा नको. चौथीच्या पुस्तकातलं न वाचलेलं एखादं पान मोठ्यानं वाचायला सांगा आणि मग पुस्तक मिटून त्यात काय होतं ते विचारा. अडखळला तर गणितं बाजूला ठेवा, आधी वाचन. शाब्दिक उदाहरणं चुकतात ती पुष्कळदा गणितामुळं नाही, वाक्यच न कळल्यामुळं. बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971 पासून निघतंय, त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. रोज एक गोष्ट वाचली तरी भरपूर झालं.

अपूर्णांकासाठी मी एसटीचं तिकीट सुचवते. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धं, बायकांना 2023 पासून अर्धं, पंच्याहत्तरी ओलांडलेल्या आजोबांना मोफत, बाबांना पूर्ण. चौघांच्या प्रवासाला किती पूर्ण तिकिटांचे पैसे पडतील? दोन. कंडक्टरनं मशीन दाबायच्या आत पोरानं आकडा सांगायचा. मामाच्या गावाला जाऊन अभ्यास बुडतो ही तक्रार मला म्हणूनच पटत नाही. लोणच्याला किती किलो कैरीला किती मीठ, हे मामीच्या शेजारी बसून लिहून घेणं हाही अभ्यासच.

पहिलीत जाणाऱ्या लेकरांच्या आयांनी तर जास्तच सबुरी धरावी. सरकारी शाळांत 'पहिले पाऊल' नावाचे शाळापूर्व तयारीचे मेळावे भरतात, तिथं जाऊन बघा. उड्या मारणं, वस्तू वेगळ्या करणं, चित्र बघून गोष्ट सांगणं असंच काय काय चाललेलं असतं. घरी काय करून घ्यायचं तेही आयांच्या गटांना समजावून सांगतात.

वेळ किती? ऊन चढायच्या आत अर्धा तास, तोही रोज एकाच विषयाचा नको. त्यापुढं खेळू द्या. शाळा उघडायच्या आदल्या आठवड्यात मात्र रात्रीची झोप ताळ्यावर आणा. दुपारपर्यंत लोळायची सवय लागलेलं मूल पहिले आठ दिवस वर्गात पेंगतं, हे मी दरवर्षी बघते.

आणि एवढं ऐकूनही बॅच लावायचीच असेल, तर पैसे भरण्याआधी क्लासवाल्याला एक विचारा : शिकवायला लागण्याआधी माझ्या मुलाचं चौथीचं काय कच्चं आहे ते तुम्ही बघणार का? उत्तर नाही असेल, किंवा 'ते शाळेचं काम' असं असेल, तर पैसे परत पाकिटात घाला आणि घरी या.