चौकी, वॉर्ड ऑफिस आणि आपण

पुण्याच्या एका उपनगरातल्या नागरिक समितीचं काम मी बऱ्याच वर्षांपासून करते आहे. पोलीस, महापालिका आणि रहिवासी यांना एका टेबलाशी बसवणं हे त्या कामाचं मुख्य अंग. त्यातून हाती लागलेल्या काही गोष्टी नव्याने समिती सुरू करणाऱ्यांसाठी लिहिते आहे.

१. पहिल्यांदा हद्दी समजून घ्या.

पोलीस ठाण्याची हद्द वेगळी, महापालिकेचा प्रभाग वेगळा, क्षेत्रीय कार्यालयाचा, म्हणजे वॉर्ड ऑफिसचा, नकाशा आणखी वेगळा. आमच्याकडे एकाच रस्त्याच्या दोन बाजू दोन पोलीस ठाण्यांकडे आहेत. पोलीस राज्याच्या गृहखात्याचे आणि वॉर्ड ऑफिस महापालिकेचं, त्यामुळे गल्लीच्या पातळीवर या दोघांच्या वर बसलेला एकच अधिकारी कुठेच नाही. दोघांचं काम एकाच वेळी रोज पाहतो तो फक्त तिथे राहणारा माणूस. म्हणून आम्ही तिन्ही हद्दी एका मोठ्या कागदावर तीन रंगांत काढल्या आणि प्रत्येक तुकड्यात बीट अंमलदार, आरोग्य निरीक्षक, विद्युत विभागाचा अभियंता यांची नावं व फोन लिहिले. गुन्ह्याच्या तक्रारीत हद्द आडवी येऊ नये म्हणून १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कुठल्याही ठाण्यात तक्रार नोंदवण्याची सोय आहे. बंद दिव्यासाठी किंवा तुंबलेल्या चेंबरसाठी अशी सोय नाही. तिथे नकाशाच उपयोगी पडतो.

२. ओळख शांत दिवसांतच करून ठेवावी लागते.

हे मी भिवंडीकडून शिकले. १९७० आणि १९८४ मध्ये तिथे भीषण दंगली झाल्या. १९८८ मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून तिथे आले आणि त्यांनी मोहल्ल्यामोहल्ल्यांत समित्या उभ्या केल्या. हिंदू आणि मुस्लिम अशा दोन्ही समाजांतली साधी माणसं आणि त्या भागाचा पोलीस नियमित एकत्र बसू लागले. बोलणं होई ते पाण्याचं, विजेचं, शेजाऱ्यांच्या भांडणाचं. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार मुंबईत सुमारे ९०० माणसं मेली. भिवंडी मात्र त्या वेळी शांत राहिली. पुढे अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनी हिंदू-मुस्लिम संघर्षावरच्या आपल्या २००२ च्या ग्रंथात भिवंडीची दखल घेतली. मुंबईतही १९९४ मध्ये तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश सहानी, माजी आयुक्त ज्युलिओ रिबेरो, कार्यकर्त्या सुशोभा बर्वे आदींच्या पुढाकाराने मोहल्ला कमिट्यांचं काम सुरू झालं, पण ते आगीनंतर.

सणांच्या तोंडावर चौकीत शांतता समितीची बैठक होते, चहा होतो, फोटो निघतो. मला त्या बैठकीबद्दल आदर आहे, कारण ती नसण्यापेक्षा असलेली बरी. पण भिवंडीतलं काम त्या पठडीतलं नव्हतं. नळाला पाणी येत नाही म्हणून ज्या हवालदाराशी आपण महिन्यापूर्वी बोललो, त्याच्यावर अफवेच्या रात्री विश्वास बसतो. कधी न पाहिलेल्या गणवेशावर बसत नाही. आमच्या समितीची बैठक आम्ही दर महिन्याला ठेवतो आणि विषय नसला तरी ती रद्द करत नाही.

३. मोठ्या साहेबांपेक्षा बीट अंमलदार महत्त्वाचा.

वरिष्ठ निरीक्षक दोन-तीन वर्षांत बदलतात, क्षेत्रीय अधिकारी त्याहूनही लवकर. नवे साहेब आले की आपण पुन्हा पहिल्यापासून सांगत बसतो. यावर उपाय एकच, समितीची स्वतःची फाईल. गेल्या वर्षभरात काय मागितलं, काय झालं, काय अडलं, हे दोन पानांत लिहून नव्या अधिकाऱ्याच्या हाती पहिल्याच आठवड्यात द्यावं. सत्काराचा हार नेऊ नये, हे दोन कागद न्यावेत. बीट अंमलदार, मुकादम, दिवाबत्तीचा वायरमन यांना मात्र बैठकीला आवर्जून बोलवावं आणि त्यांचं म्हणणं आधी ऐकावं. कुठल्या वळणावर रात्री दुचाकीवाली पोरं जमतात हे त्यांना ठाऊक असतं. त्यांना विचारणारं कोणी नसतं, एवढंच.

४. पोलिसांचं पत्र महापालिकेला जाऊ द्या.

आमच्या भागात नाल्याकडेच्या रस्त्यावर सकाळी अंधारात फिरायला जाणाऱ्या बायकांच्या गळ्यातली मंगळसूत्रं ओढली जात होती. रहिवासी गस्त वाढवा म्हणत होते. गस्त वाढली, पण दोन बीट मार्शल एकाच वेळी किती ठिकाणी असणार? मग आमच्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेने संध्याकाळी चालत जाऊन प्रत्येक खांबाचा क्रमांक टिपला. कुठला दिवा बंद, कुठला झाडाच्या फांदीत बुडालेला, कुठे खांबच नाही. ती यादी आम्ही चौकीत नेली. तिथल्या उपनिरीक्षकांनी घटना घडलेल्या जागा त्याच यादीवर खुणा करून दाखवल्या. बहुतेक खुणा अंधाऱ्या टप्प्यातच पडल्या.

मग पोलीस ठाण्यातूनच महापालिकेला पत्र गेलं, या टप्प्यात प्रकाश नसल्याने गुन्ह्यांना वाव मिळतो, असं स्पष्ट लिहिलेलं. रहिवाशांचा अर्ज आणि पोलिसांचं पत्र यांत मोठा फरक आहे. अर्ज हा अनेक अर्जांतला एक असतो. खात्याचं पत्र फाईलवर चढतं, त्याला उत्तर द्यावं लागतं. दिवे लागले, उद्यान विभागाने फांद्या छाटल्या. बायका पुन्हा फिरायला जाऊ लागल्या, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

५. तोंडी सांगितलेलं काम झालं असं धरू नका.

आवक क्रमांक आणि पोच घ्या. अधिकारी कितीही आपुलकीचा असो, घ्याच. त्यालाही वरून निधी मागताना तोच कागद लागतो.

६. टेबलाशी कोण बसलं आहे ते पाहा.

सोसायट्यांचे अध्यक्ष, निवृत्त अधिकारी, दुकानदार संघटना ही मंडळी आपण न बोलावताही येतात. भाडेकरू, घरकाम करणाऱ्या बायका, वस्तीतली माणसं, रात्रपाळीचे रिक्षावाले येत नाहीत. गुन्ह्याची झळ मात्र त्यांनाच आधी बसते, आणि संशयही आधी त्यांच्यावरच जातो.

पुण्यातच याचं चांगलं उदाहरण घडलेलं आहे. ए. एन. रॉय इथे पोलीस आयुक्त असताना झोपडपट्ट्यांमधल्या संघटना, झोपडपट्टीवासीयांचे नेते जोकिन अर्पुथम आणि वस्त्यांतल्या बायकांची महिला मिलन यांच्यासोबत पोलीस पंचायतीचा प्रयोग सुरू झाला आणि पुढे ते मुंबईत गेल्यावर तिथेही नेला गेला. पंचायतीत वस्तीतले दहा प्रतिनिधी. त्यांत सात स्त्रिया, तीन पुरुष, आणि सोबत पोलीस. दारूचे गुत्ते, नवऱ्याची मारहाण, नळावरची भांडणं वस्तीतच मिटवण्यावर भर. सात आणि तीन या प्रमाणात सगळं आलं. रात्री वस्तीत काय चालतं हे बायकांना माहीत असतं आणि एकटीने चौकीची पायरी चढणं त्यांनाच सगळ्यात अवघड वाटतं.

आम्ही बैठकीची वेळ बदलली. सकाळी अकराला ठेवली तर कामवाली बाई येऊच शकत नाही. रात्री आठला, वस्तीतल्या समाजमंदिरात ठेवली, तेव्हा त्या आल्या. पहिल्या बैठकीत त्या गप्प होत्या. नंतर एकीने उभं राहून सार्वजनिक शौचालयाचा दिवा आणि दाराची कडी हे दोनच विषय मांडले. महापालिकेच्या माणसाने लिहून घेतलं, हवालदारांनी मान डोलावली. वस्तीतल्या मुलींची सुरक्षितता त्या कडीवर अवलंबून आहे, हे आम्हा फ्लॅटवाल्यांच्या एकाही यादीत नव्हतं.

७. फेरीवाल्यांना तक्रारीचा विषय करू नका, सभासद करा.

२०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार नगर पथविक्रेता समितीत पालिका, पोलीस, वाहतूक पोलीस, रहिवासी संघ हे सगळे असतात आणि किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असावे लागतात. पोलीस, पालिका आणि लोक यांनी एकत्र बसण्याची ही कायद्याने दिलेली जागा आहे. ती वापरली पाहिजे. कोपऱ्यावरची भाजीवाली दिवसभर रस्ता पाहत असते. शाळेच्या फाटकाशी रेंगाळणारा अनोळखी माणूस तिच्या नजरेतून सुटत नाही.

८. काठी हातात घेऊ नका.

पोलीस मित्र म्हणून आपली मुलं विसर्जनाला दोर धरतात, वाहनं वळवतात, हे उत्तमच. त्यापुढे जाऊन अडवणं, झडती घेणं, चौकशी करणं हे काम नागरिकाचं नाही. तमिळनाडूत १९९० च्या दशकात चांगल्या हेतूने सुरू झालेली ‘फ्रेंड्स ऑफ पोलीस’ योजना २०२० मध्ये सातानकुळम इथे पिता-पुत्राचा कोठडीत छळ होऊन मृत्यू झाल्यावर बंद करण्यात आली. स्वयंसेवकांवरही त्या वेळी आरोप झाले होते. आमच्या समितीच्या नियमांत पहिलं वाक्य हेच आहे: सभासद पाहील, कळवेल, कोणालाही हात लावणार नाही.

९. आवाजाचं भांडण आधी मिटवा.

रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकांवर बंदी आणि निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबलची मर्यादा, हे २०००च्या नियमांत आहे. मंडळाच्या मुलांना ते मंडप परवानगीच्या वेळीच, पोलिसांसमोर, प्रेमाने सांगावं. रात्री साडेअकराला फोन करून सांगितलं तर वर्षभराचं वैर होतं.

१०. लोकप्रतिनिधी नसतील तेव्हाही काम थांबवू नका.

मार्च २०२२ मध्ये पुणे महापालिकेची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकच होते. नगरसेवक नसताना कोणाकडे जायचं, हा प्रश्न लोकांना फार जाणवला. त्या काळात आम्हाला दोन गोष्टींचा आधार झाला. एक, क्षेत्रीय कार्यालयात भरणारी महापालिकेची मोहल्ला कमिटी. दुसरी, नागरिकांना अंदाजपत्रकासाठी प्रभागातली छोटी कामं सुचवू देणारी योजना, जी पुण्यात २००६ पासून आहे. पदपथ, दिवे, बाकं अशा कामांचे अर्ज भरताना आम्ही चौकीतून मिळालेली धोक्याच्या ठिकाणांची यादी जोडायला लागलो.

आता पुढची मागणी क्षेत्रसभेची आहे. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या दिल्या, राज्याच्या कायद्यात मतदारांच्या क्षेत्रसभेची तरतूदही झाली. गावाला ग्रामसभा आहे, तिथे पोलीस पाटील, ग्रामसेवक आणि गावकरी एकमेकांसमोर उभे राहतात. शहरातल्या माणसाला तेवढा हक्क अजून प्रत्यक्षात मिळालेला नाही. क्षेत्रसभा भरवा आणि तिला पोलीस निरीक्षकांना बोलवा, असा अर्ज आम्ही क्षेत्रीय कार्यालयात दिला आहे. तुमच्या भागातूनही द्या, आणि पोच घ्यायला विसरू नका.