लेकीला मलिद्याला बसवू का?

प्रश्न : आम्ही बेने इस्रायली यहुदी, साताऱ्यात राहतो. ‘कारा’ या सरकारी दत्तक संस्थेमार्फत चार वर्षांची मुलगी दत्तक घेतली. सांगलीचे नातेवाईक म्हणतात, मलिद्याच्या धार्मिक विधीला तिला पुढे करू नका. काय करावं?

उत्तर : जरूर बसवा. १९५६ चा हिंदू दत्तक कायदा यहुद्यांना लागू नाही. १८९० च्या पालकत्व कायद्याने पूर्वी नुसतं पालकत्व मिळे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याखाली मात्र ती सर्वार्थाने तुमचीच मुलगी आहे. धर्मरीत वेगळी. जन्माने यहुदी नसलेल्या मुलीसाठी विधिस्नान लागतं आणि बाराव्या वर्षी यहुदी राहायचं की नाही, हे तीच ठरवते. पुण्यात रास्ता पेठेतल्या सुक्कथ शलोमो सिनेगॉगमध्ये विचारा.

पण या विधीसाठी घरचे सण थांबवू नका. शुक्रवारी काळ्या मनुका भिजवून शरबत करता ना? त्या कुस्करायला तिला घ्या. मलिद्याच्या पोह्यांत खोबरं-साखर तिच्या हातून कालवून घ्या. दत्तक असल्याचंही आत्ताच, साध्या शब्दांत सांगा. नातेवाइकांकडून कळलं तर जिव्हारी लागेल. आणि सांगलीकरांना तिच्यासमोर हा विषय काढू नका, असं स्पष्ट बजावा. हे काम तुमचंच आहे.