द्राक्षवेलीच्या खोडाचे रोग : प्रतिबंधाचे जुने मार्ग

द्राक्षवेल ही दीर्घायुषी वनस्पती आहे. नीट निगा राखल्यास एकच वेल पन्नास-साठ वर्षे, काही ठिकाणी तर शंभर वर्षांहूनही अधिक काळ फळ देते. पानांवर किंवा मण्यांवर पडणारा रोग एका हंगामाचे पीक नेतो. खोडाचा रोग मात्र सबंध वेलच नेतो. म्हणूनच भूमध्य समुद्राभोवतीच्या देशांतील बागाइतदारांना या रोगांची धास्ती फार पूर्वीपासून वाटत आली आहे.

यांपैकी सर्वांत परिचित रोग म्हणजे 'एस्का'. रोगट खोड चिरले असता आतील काही लाकूड फिकट, मऊ व स्पंजासारखे झालेले आढळते. चकमकीची ठिणगी झेलण्यासाठी पूर्वी असाच मऊ, कोरडा पदार्थ वापरीत. त्याच्या लॅटिन नावावरून रोगाचे हे नाव पडले. पानांच्या शिरांमधील भागावर पिवळे किंवा तांबूस पट्टे उमटणे, हे त्याचे बाह्य लक्षण होय. कधी कधी ऐन उन्हाळ्यात हिरवीगार वेल अवघ्या काही दिवसांत घडांसह वाळून जाते. शिवाय एका वर्षी लक्षणे दाखविणारी वेल पुढील वर्षी निरोगी दिसू शकते. त्यामुळे एखादा उपाय खरोखरच लागू पडला की काय, हे ठरविणे नेहमीच कठीण गेले आहे.

दगडाची पाचर

रोगाचे कारण ठाऊक नव्हते, तेव्हाही बागाइतदार स्वस्थ बसले नव्हते. रोगट वेलीचे खोड कुऱ्हाडीने उभे चिरावयाचे आणि फट मिटू नये म्हणून तीत दगड बसवावयाचा, अशी रीत भूमध्य प्रदेशातील अनेक भागांत रूढ होती. वारा व ऊन आत शिरल्याने कुजलेले लाकूड कोरडे पडते आणि वेल सावरते, असा त्यांचा अनुभव होता.

विसाव्या शतकाच्या आरंभी वनस्पतिरोगतज्ज्ञांनी या लाकडाचा अभ्यास हाती घेतला. इटलीत पेत्री यांनी १९१२ मध्ये रोगट खोडातील कवकांविषयी आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. या रोगात एक नव्हे, तर अनेक कवके भाग घेतात, हे पुढील संशोधनातून स्पष्ट झाले. त्यांचा खोडात शिरण्याचा मुख्य मार्ग म्हणजे छाटणीची जखम होय.

छाटणीची नवी पद्धत

फ्रान्सच्या शारांत प्रदेशात पूसार नावाच्या बागाइतदाराने छाटणीतच सुधारणा केली होती. रने लाफों यांनी १९२१ मध्ये तिचे सविस्तर विवेचन केले. या पद्धतीत खोडाच्या दोन्ही बाजूंस एकेक आखूड ओलांडा ठेवतात आणि दरवर्षीच्या जखमा शक्यतो ओलांड्याच्या वरच्या अंगालाच होतील अशी काळजी घेतात. त्यामुळे खालच्या अंगाने रसाचा प्रवाह अखंड राहतो. काडी अगदी मुळाशी न कापता तिचे थोडे टोक शिल्लक ठेवतात, कारण कापलेल्या जागेपासून लाकूड आतवर वाळत जाते. हे वाळणे त्या टोकातच थांबावे, असा त्यामागील हेतू असतो. या पद्धतीला खर्च फारसा नव्हता. परंतु तिच्यासाठी कुशल हात आणि सवड लागे.

सोमलाचा काळ

याच सुमारास एक सोपा उपाय पुढे आला. सोडियम आर्सेनाइट या सोमलाच्या संयुगाची फवारणी हिवाळ्यात, छाटणीनंतर व डोळे फुटण्यापूर्वी केली असता एस्काची लक्षणे बरीच कमी होत. अनेक दशके हाच उपाय प्रमुख ठरला आणि काळजीपूर्वक छाटणीचे महत्त्व मागे पडले. परंतु सोमल हे माणसालाही विष आहे व ते कर्करोगास कारण होते. फवारणी करणाऱ्या मजुरांना असलेला हा धोका आणि जमिनीचे प्रदूषण लक्षात घेऊन फ्रान्सने २००१ मध्ये या द्रव्याच्या वापरावर बंदी घातली. युरोपातील इतर देशांतही ते बंद झाले. त्याच्या तोडीचे दुसरे औषध मात्र उपलब्ध नव्हते.

जुन्या मार्गांकडे

तेव्हा बागाइतदार पुन्हा जखमेकडे वळले. 'युटायपा' या खोडाच्या दुसऱ्या रोगाबाबत ऑस्ट्रेलिया व कॅलिफोर्निया येथे झालेले संशोधन येथे उपयोगी पडले. या कवकाचे बीजाणू पावसाबरोबर बाहेर पडतात व ताज्या जखमेवर रुजतात. म्हणून छाटणी कोरड्या हवेत व शक्यतो हंगामाच्या अखेरीस करावी, मोठ्या जखमा टाळाव्यात आणि झालेल्या जखमांवर संरक्षक लेप द्यावा, अशी शिफारस केली जाते. फ्रान्समध्ये पूसार यांच्या छाटणीचे शिक्षण नव्याने दिले जाऊ लागले. काही ठिकाणी लहान यांत्रिक करवतीने खोड उघडून त्यातील मऊ, कुजका भाग कोरून काढतात. दगडाच्या पाचरीमागील विचारच येथे वेगळ्या हत्याराने अमलात आलेला दिसतो.

खोडात एकदा शिरलेले कवक पूर्णपणे नाहीसे करणारे औषध अद्यापि सापडलेले नाही. म्हणून वेल तरुण व निरोगी असतानाच तिची छाटणी जपून करणे, हाच प्रतिबंधाचा मुख्य मार्ग आहे. वेलीवर रोगाची खूण दिसेपर्यंत थांबणाऱ्याला त्याचा फारसा लाभ होत नाही, कारण आज झालेल्या जखमेचा परिणाम पुष्कळदा अनेक वर्षांनी प्रकट होतो.